गुंजाळ मॅडमची भीती

गुंजाळ मॅडम पालीला भ्यायच्या, हे कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं. प्राचार्यांच्या खोलीत ट्यूबलाइटच्या मागे एक जाडजूड पाल मुक्कामाला असायची. आधीचे प्राचार्य तिच्याखाली वर्षानुवर्षं निवांत बसले. मॅडमनी आल्या दिवशीच टेबल ओढून दाराजवळ घेतलं. पुढे एकेक कळत गेलं. त्या कुत्र्यांना भ्यायच्या, विजेच्या कडकडाटाला भ्यायच्या, मोटारसायकलवर मागे बसायला भ्यायच्या. कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहायच्या. हे शोधून काढायला कुणाला कष्ट पडले नाहीत, कारण त्या स्वतःच सांगायच्या. "मला भीती वाटते, आधीच सांगून ठेवते," हे त्यांचं वाक्य. शिपायाला सांगायच्या, पाहुण्यांना सांगायच्या. एकदा तपासणीला आलेल्या समितीलाही त्यांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून हेच सांगितलं होतं.

आमचं कॉलेज जामखेडवरून खर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला, एका मोठ्या गावाबाहेर. अकरावी-बारावीचे वर्ग, आणि शिवाय शिवणकाम, रुग्णसेवा, वीजजोडणी असे सहा महिन्यांचे, वर्षाचे अभ्यासक्रम. त्यांना वयाची अट नव्हती, म्हणून एकाच बाकावर सतरा वर्षांची मुलगी आणि तिची चुलती शेजारी शेजारी बसलेल्या दिसायच्या. कोरडवाहू मुलूख. दसरा झाला की निम्मी घरं ऊसतोडीला जायची आणि वर्ग ओस पडायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला माणसं परतली की वर्ग पुन्हा भरायचे. सुट्टीचं वेळापत्रक आम्ही त्या हिशेबानं लावायचो.

मी तिथे भूगोल शिकवायचो, तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये संस्थेनं पुन्हा बोलावलं तर नोकरी, नाही बोलावलं तर घर. भीतीशी माझी चांगली ओळख होती. फक्त मी ती कुणाला सांगत नव्हतो.

मॅडम मूळच्या नेवाशाच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. लग्न केलेलं नव्हतं. नेवाशाला घरी म्हातारी आई एकटी असायची आणि तिला ऐकू कमी यायचं. स्वागताच्या कार्यक्रमात त्या माईकसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा हातातला कागद इतका थरथरत होता की त्याचा फडफड आवाज स्पीकरमधून मैदानभर ऐकू गेला. मुलं हसली. मॅडमनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "मला माईकची भीती वाटते, म्हणून थोडंच बोलते. तुमच्यापैकी कुणाला कशाची भीती वाटत असेल तर मला येऊन सांगत जा. सांगितल्यावर लगेच जाईल असं नाही. पण निदान दोघांना माहीत राहील."

इतकंच बोलून त्या खाली बसल्या. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी पुष्कळ विनोद झाले. मीही एक केला होता.

पण मुली खरंच सांगायला जाऊ लागल्या. बारावीतली रूपाली सगळ्यात आधी गेली. एस.टी. स्टँडपासून कॉलेजपर्यंत पंधरा मिनिटांचा रस्ता. मध्ये एक बंद पडलेली वीटभट्टी लागायची. तिथे गाड्या लावून पोरं बसलेली असायची; मुली जवळ आल्या की एक जण गाडी सुरू करायचा आणि अगदी अंगाला घासून न्यायचा. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं. आम्ही मुलींना सांगायचो, घोळक्यानं या, खाली बघून चाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम स्टँडवर उभ्या. मुलींच्या पुढे चालायला लागल्या. रूपालीनंच मला नंतर सांगितलं, "सर, म्याडमनी माझा हात धरला. मला वाटलं, मला धीर द्यायला धरला. पन त्यांचा हात गार पडला व्हता आन् लई घट्ट धरला व्हता. मग मीच म्हनलं, चला म्याडम, काय करत न्हाईत ते."

असं त्या रोज चालल्या, चांगले दीड-दोन महिने. भट्टीजवळ आल्या की थांबायच्या, आणि त्या पोरांना एकेकाला नाव विचारायच्या. रागावायच्या नाहीत. "तुझं नाव काय बाळा? आईचं नाव काय?" मग संध्याकाळी त्या आईकडे जायच्या. ओरडायला नाही, चहा प्यायला. चहा पिताना सांगायच्या, "तुमच्या मुलाची मला भीती वाटते हो." आईला हे ऐकवत नसे. पोरगा दुसऱ्या दिवशी भट्टीवर दिसायचा नाही. पुढे ग्रामसभेत उभ्या राहून त्यांनी त्या वळणावर दिवा मागितला, तोही सगळ्या मुलींच्या आयांना सोबत नेऊन. दिवा लागला. आता तिथे एक रसवंती आहे.

त्यांची दुसरी एक सवय आम्हाला फार जाचायची. महिन्यातून एकदा, कुठलाही दिवस धरून, त्या घंटा सलग वाजवायला लावायच्या आणि सगळं कॉलेज पटापट मैदानात उतरवायच्या. आग लागली, भूकंप झाला, काहीही समजा. हातात घड्याळ धरून त्या चिंचेखाली उभ्या राहायच्या. स्टाफला हा पोरखेळ वाटायचा. सखाराममामा, आमचे जुने शिपाई, घंटा बडवता बडवता म्हणायचे, "म्याडम, तीस साल झालं मी हितं हाय. आजून कायबी झालं न्हाई."

"म्हणूनच मामा," मॅडम म्हणायच्या, "आपल्याला सवय नाही."

त्या खेळातूनच सिंधूबाई त्यांच्या नजरेला आल्या. सिंधूबाई म्हणजे रूपालीची चुलती, शिवणकामाच्या वर्गात शिकणारी. कारखान्याकडे ऊस भरताना डोक्यावरच्या मोळीसकट ट्रकच्या फळीवरून पडल्या होत्या आणि डावा पाय कायमचा अधू झाला होता. ऊसतोड सुटली, म्हणून शिलाई शिकायला आल्या. शिवणाचा वर्ग वरच्या मजल्यावर, मोठ्या हॉलमध्ये. सगळं कॉलेज खाली उतरून रांगेत उभं राहिलं तरी सिंधूबाई अजून जिन्यात असायच्या, एका हातानं कठडा धरून, एकेक पायरी. मॅडम घड्याळाकडे बघत आणि मग जिन्याकडे बघत. त्यांचे ओठ पांढरे पडलेले मी पाहिले आहेत. अशाच एका दिवशी त्यांनी शिवणाचा वर्ग खाली आणायचा ठरवला. पण खाली जागा नव्हती, आणि यंत्रं हलवायला संस्थेची परवानगी लागत होती. ती काही लवकर येईना.

ती इमारत संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्यानं बांधलेली. अध्यक्षांना सगळे आबासाहेब म्हणायचे. तालुक्यात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. इमारत तशी फार जुनी नव्हती, पण पावसाळ्यात हॉलच्या छताला ओल धरायची आणि एका बाजूनं मध्यापर्यंत एक चीर गेलेली होती. मी वर तास घ्यायला गेलो की ती दिसायची. पहिल्या दिवशी दिसली, मग दिसायची बंद झाली. रोजची वस्तू दिसत नाही.

त्या दिवशी मी शेजारच्या खोलीत नकाशा लावत होतो. हॉलमधून यंत्रांची घरघर येत होती. अचानक धप्प असा आवाज झाला, मोठा नाही, पिठाचं पोतं टाकावं तसा. आणि सगळी यंत्रं एकदम थांबली. मी धावलो. हॉलभर धूळ. मधल्या रांगेतल्या एका यंत्रावर छताचा एक तुकडा पडला होता, पाटाएवढा. यंत्राची मान मोडली होती. वर, जिथून तो निघाला तिथे, गंजलेल्या सळ्या दिसत होत्या, वाळलेल्या काटक्यांसारख्या. बायका भिंतीला चिकटून उभ्या. त्या यंत्रावर सिंधूबाई बसायच्या. दोरा संपला म्हणून त्या रीळ आणायला कपाटापर्यंत गेल्या होत्या. हातात लाल रीळ धरून त्या तशाच उभ्या होत्या आणि वर बघत होत्या. कुणीच ओरडलं नाही.

मॅडम आल्या. दारातच थांबल्या. भिंतीला हात टेकला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "एकेक करून बाहेर या. पळायचं नाही. पाय आपटायचे नाहीत." सगळ्या बाहेर आल्यावर त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पिशवीत टाकली. नंतर त्या मागच्या बाजूला जाऊन ओकल्या. मला दिसू नये म्हणून मीच तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडी मागवली. सखाराममामा म्हणाले, "म्याडम, म्या चढतो की. तुमी वर नगा जाऊ."

"नको मामा. तुम्ही धाडसी. तुम्ही खाली येऊन म्हणाल, काही नाही. मला बघू द्या."

शिडी मामांनी धरली आणि मला दुसऱ्या बाजूनं धरायला लावली. मॅडम चार पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. शिडी त्यांच्या थरथरीनं वाजत होती. मग आणखी चार चढल्या. चिरेचं टोक जिथे संपत होतं तिथे त्यांनी पेन्सिलनं रेघ मारली आणि तारीख लिहिली. उतरल्यावर बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या. आठ दिवसांनी पुन्हा चढल्या. चीर रेघेच्या पुढे वीतभर गेली होती.

त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं. पुतण्या दोन माणसं घेऊन आला, भोकात सिमेंट भरलं, वरून पांढरा रंग दिला. छत नव्यासारखं दिसू लागलं. मॅडमनी कुलूप काढलं नाही. शिवणाचा वर्ग ग्रामपंचायतीच्या सभागृहात गेला, खालचे-वरचे सगळेच वर्ग बाहेर आले. चिंचेखाली अकरावी, पाण्याच्या टाकीच्या सावलीला रुग्णसेवेचा वर्ग. एप्रिल होता. मी भूगोल चिंचेखाली शिकवायचो. फळ्यावर चिंचेचा पाला पडायचा.

मग बोलावणं आलं. आबासाहेबांच्या बंगल्यावर, दुपारी. मला बैठकीचं टिपण घ्यायला सोबत नेलं होतं. मी मागच्या खुर्चीवर वही उघडून बसलो आणि पूर्ण वेळ मान खाली ठेवली.

"बसा मॅडम," आबासाहेब म्हणाले. "पोपडा पडला म्हणं. आवं, घरात पडत न्हाई का पोपडा? तुमी तर सगळी शाळाच झाडाखाली नेली. लोक हसाय लागलेत आपल्याला."

"आबासाहेब, मला भीती वाटते."

आबासाहेब हसले. बरोबरचे दोघे हसले. "आमची?"

"तुमचीही वाटते," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी बारीक, पण तुटत नव्हता. "पण त्या छताची जास्त वाटते."

खोलीतलं हसू थांबलं. आबासाहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. "दुरुस्ती झाली. उद्यापासून वर्ग आत. कुलूप काढा."

"मी नाही काढणार. बाहेरचा इंजिनिअर बघून गेला आणि त्यानं लिहून दिलं तर काढीन."

"न्हाई म्हणजे?"

मॅडमनी दोन्ही हात पिशवीवर घट्ट धरले होते. बोटांची नखं पांढरी झालेली मला खालच्या नजरेतूनही दिसत होती. आम्ही उठून बाहेर आलो. फाटकाबाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "सर, पाय चालत नाहीत. जरा थांबू या." आम्ही रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसलो.

त्याच आठवड्यात संस्थेच्या कचेरीतून एक कागद स्टाफरूममध्ये आला. 'इमारत सुस्थितीत असून अध्यापनास योग्य आहे.' खाली सगळ्यांच्या सह्यांसाठी रेघा. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत आला. माझ्यापुढे आला तेव्हा आठ सह्या झालेल्या होत्या. जून दीड महिन्यावर होता. बायकोला सातवा महिना होता. खिडकीतून चिंचेखाली बसलेल्या मुली दिसत होत्या. मी सही केली. नीट, सावकाश, वळणदार अक्षरात केली. घाबरलो होतो तरी हात एवढासुद्धा हलला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

त्यानंतरच्या सोमवारी दोन माणसं मॅडमच्या खोलीत येऊन बसली. ओळखीची नव्हती. त्यातल्या एकानं पायावर पाय टाकून विचारलं, "मॅडम, नेवाशाला घरी कोन कोन असतं?" मॅडमनी सांगितलं, आई असते. "एकट्याच असत्यात का त्या?" हो, म्हणाल्या. "ऐकू येतं का त्यास्नी?" कमी येतं, म्हणाल्या. माणसं चहा पिऊन गेली. एवढंच.

मी हे सखाराममामांकडून ऐकलं आणि मला वाटलं, झालं, आता किल्ली द्यावी लागणार. कुणालाही वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्या माईकसमोर आल्या. "काल दोन माणसं माझ्याकडे आली होती," त्या म्हणाल्या. "माझ्या आईची चौकशी केली. ती एकटी असते का, तिला ऐकू येतं का, असं विचारलं. मला फार भीती वाटली. रात्री जेवण गेलं नाही. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, भीती वाटली की सांगायची. म्हणून सांगते आहे. त्यांच्या गाडीचा नंबर मामांनी पाहिला आहे. तो मी पोलीस चौकीत दिला, आणि आता तुम्हालाही सांगते." आणि त्यांनी तो नंबर माईकवरून दोनदा वाचला.

शिक्षकांच्या रांगेत मी उभा होतो. मला वाटत होतं, या बाईंना कळत नाही का, हे असं उघड्यावर बोलायचं नसतं! पण दुपारपर्यंत ते गावभर झालं. संध्याकाळपर्यंत ज्याची ती गाडी, त्याच्या घरच्या बायकांपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवसापासून दोन-तीन आया रोज कॉलेजच्या व्हरांड्यात येऊन बसू लागल्या. निवडायला धान्य, मुलांची भोकं पडलेली दप्तरं, काहीतरी हातात घेऊन. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. नेवाशाला मॅडमच्या आईकडे शेजारच्या दोन सुना मुक्कामाला राहिल्या. ती माणसं पुन्हा आली नाहीत.

मग मॅडमनी नगरला जायचं ठरवलं. आता एस.टी.च्या पाटीवर अहिल्यानगर असतं, पण बोलताना आम्ही नगरच म्हणतो. जिल्ह्याच्या कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकायचा एक दिवस असतो, तिथे जायचं. त्यांनी मला विचारलं, "सर, याल का बरोबर? मला एकटीला कचेरीत शिरायला भीती वाटते. तुम्हाला चिरेच्या तारखा माहीत आहेत. शिडी तुम्ही धरली होती."

मी म्हणालो, "बघतो, मॅडम." आणि त्या दिवशी सकाळी फोन करून ताप आल्याचं सांगितलं. "काळजी घ्या," त्या म्हणाल्या. "उन्हात निघू नका."

मी गेलो नाही. पण सिंधूबाई गेल्या. बारा-पंधरा बाया गेल्या, पहिल्या एस.टी.नं. पुढचं सगळं मी सिंधूबाईंच्या तोंडून ऐकलं. कचेरीच्या पायऱ्यांवर मॅडम दोनदा मागे फिरल्या. आत मोठ्या टेबलापलीकडे साहेब लोक बसलेले. मॅडमनी पिशवीतून छताच्या त्या तुकड्याचा एक ढलपा काढून टेबलावर ठेवला, सळीच्या गंजासकट, आणि त्यांना शब्दच फुटेना. नुसत्या उभ्या. पाठीमागे रांग. शिपाई म्हणाला, बाई, लवकर.

"मग म्याच म्होरं झाले," सिंधूबाई मला सांगत होत्या. "म्हनलं, सायब, मी उसाची मोळी घिऊन फळीवरनं पडले, त्याच्या आदल्या दिशी म्या सांगितलं व्हतं, फळी हालती. मुकादम म्हनला, काय हुत न्हाई. आता ह्ये बी म्हनत्यात, काय हुत न्हाई. येक पाय तवा दिला. आता डोकं द्यायचं का? तवा सायबानं मान वर केली. मग म्याडमला बोलाय आलं. तारखा सांगितल्या, समद्या. एक बी चुकली न्हाई."

चार दिवसांनी एक इंजिनिअर बाई आणि दोन माणसं आली. हातात लांब काठीला लावलेली छोटी हातोडी. ती बाई छताला काठीनं ठोकत हॉलभर फिरली; कधी टणटण, कधी भदभद. तिसऱ्या भद आवाजाला ती थांबली, आम्हा सगळ्यांकडे वळली आणि म्हणाली, "सगळे खाली. आत्ता." ती स्वतः सगळ्यात शेवटी उतरली. त्याच दुपारी इमारतीला सील लागलं. तिनं सह्यांचा तो कागदही पाहिला. एकेक नाव वाचलं आणि कागद परत दिला. सील लावताना मॅडम चिंचेखाली उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला नाही. त्या मैदानात उभ्या असलेल्या मुली मोजत होत्या.

महिन्याच्या आत त्यांची बदली झाली, संस्थेच्या कोपरगावच्या शाखेत. प्राचार्य म्हणून नव्हे, साध्या शिक्षिका म्हणून. निरोपसमारंभ ठेवायचा नाही असं कळवण्यात आलं होतं. मला मात्र जूनमध्ये पुन्हा बोलावलं.

त्या निघाल्या त्या सकाळी मी स्टँडवर गेलो. बायांची ही गर्दी. सिंधूबाईंनी स्वतः शिवलेलं एक पोलकं त्यांना दिलं. गर्दी जरा हटल्यावर मी जवळ गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो.

"मॅडम, त्या कागदावर माझी सही होती."

"माहीत आहे, सर. अक्षर चांगलं आहे तुमचं. ओळखू येतं."

"आणि मला ताप नव्हता."

"तेही वाटलं होतं." त्यांनी पिशवी खांद्यावर नीट केली. "घाबरून केलंत ना?"

"हो."

"मग ते मला सांगायला हवं होतंत. मी म्हटलं असतं, करा सही, घरी बाळ येणार आहे. तुम्ही घाबरलात याचा मला राग नाही हो. तुम्ही एकटेच घाबरत बसलात." एस.टी. लागली. त्या चढल्या, आणि दरवाजातच ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, हळू चालवा. मला भीती वाटते, आधीच सांगून ठेवते."

दिवाळीच्या सुट्टीत इमारत पाडली. आम्ही सगळे लांबून बघत होतो. जेसीबीवाल्यानं वरच्या हॉलच्या तुळईला नुसता दात लावला, अजून जोर दिलाही नव्हता, आणि अख्खं छत एका दमात खाली बसलं. भिंती उभ्याच राहिल्या. धुळीचा लोट चिंचेपर्यंत आला. जेसीबीवाला घाबरून उडी मारून खाली आला आणि म्हणाला, "आरारा, ह्यो उभा तरी कसा व्हता?" सखाराममामा मटकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मी धुळीकडे बघत मनात यंत्रांच्या रांगा मांडत होतो. पहिली रांग, दुसरी, मधली. कुणी कुठे बसायचं ते मला सगळं पाठ होतं. ते अजून पाठ आहे, आणि अजूनही मधूनच, शिकवताना, खडू हातात धरून मी थांबतो.

त्यानंतर मॅडम मला एकदाच दिसल्या. मुलांना गोदावरीचं पात्र दाखवायला कोपरगावला घेऊन गेलो होतो. गणपती विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. घाटावर कुठल्या तरी कॉलेजच्या मुली श्रमदान करत होत्या. पाण्याच्या कडेला अडकलेले हार, निर्माल्य, लाकडी पाट गोळा करत होत्या. नदी भरून चालली होती, गढूळ आणि वेगात. मी वरच्या पायऱ्यांवर होतो.

मुलींच्या पुढे, गुडघ्याच्या वर पाण्यात, एक ठेंगणी बाई उभी होती. साडीचा काष्टा मारलेला. पाठ नदीकडे, तोंड मुलींकडे, दोन्ही हात बाजूला पसरलेले. "माझ्या पुढे कुणी यायचं नाही," ती ओरडत होती. "मी आहे तिथपर्यंतच." पाणी तिच्या पायांवर आपटून दोन बाजूंना फुटत होतं. चेहरा पांढराफटक पडला होता. एवढ्या लांबूनही मला ते दिसलं.

हाक मारावीशी वाटली. पण त्या दचकतील, वळतील, पाय घसरेल, असं वाटून मी मारली नाही. माझी मुलं पुलाकडे निघाली होती, तरी मी तिथेच थांबलो. काम संपलं. एकेक मुलगी पाट, पिशव्या घेऊन वर आली. शेवटची पायरीवर पोचली तरी मॅडम पाण्यातच. त्यांना पाय उचलता येत नव्हता. मग दोन मुली परत खाली उतरल्या, दोन्हीकडून दंड धरले आणि त्यांना पायरीपायरीनं वर आणलं. कोरड्या दगडावर त्या मटकन बसल्या.

एक मुलगी त्यांच्या पदराचं पाणी पिळत होती. तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला पोहायला येतं का हो?"

"नाही गं," मॅडम म्हणाल्या.